पार्सलबाबूंचा गडवा

आमच्या घरात कात्री आहे, चांगली धारेची आहे, पण मामाजी होते तोवर तिला पार्सलजवळ फिरकायची परवानगी नव्हती. मामाजी म्हणजे माझे सासरे. पांढुर्ण्याला ते पार्सलबाबू म्हणूनच माहीत होते, कारण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली होती. दारात कुरिअरवाला आला की ते ओट्यावरच्या खुर्चीतून उठत, खोकं दोन्ही हातांत घेत, कानाजवळ नेऊन हलवत, मग एकेक कोपरा अंगठ्यानं दाबून बघत. नंतर खाली मांडी घालून चिकटपट्टीचं टोक नखानं शोधायला बसत. आत काय आलं ते बघायची मला कोण घाई. मी कात्री घेऊन धावत यायची आणि ते वर न बघताच म्हणायचे, "ठेव ते. कैची लागली म्हणजे बांधणारा चुकला." मग पट्टी सुटेपर्यंत मी कात्री हातात धरून तिथेच ताटकळत उभी.

अशा माणसाच्या नशिबी सून कोण यावी, तर मी. माहेर नागपूरचं, नोकरी इथल्या शाळेत, आणि हातात सदानकदा फोन. रात्री झोप आली नाही की लोक देवाचं नाव घेतात, मी काहीतरी मागवायची. शेवयांचा गुंता सोडवायची पळी, अंड्यातला बलक वेगळा करायचं बदक, पाण्याच्या बाटलीला घालायचा स्वेटर. दर आठवड्याला दारात पार्सल. आमचे हे म्हणायचे, बाबांना रिटायर होऊ दिलं नाहीस तू, ऑफिस घरी आणून दिलंस. मला तेव्हा हे कौतुकच वाटायचं.

मामाजींचा प्रश्न ठरलेला असायचा. खोकं उलटंपालटं करून झालं की म्हणायचे, "खोकं चांगलं हाये. आत काय हाये?" आतली वस्तू मात्र ते फार वेळ हातात ठेवत नसत. एकदा बोटांत धरत, एकदा वजन बघत, झाकण असेल तर एकदा उघडून लावत, आणि माझ्याकडे परत देत हळूच म्हणत, "ज्यानं बनवलं त्यानं वापरून नाही पाह्यलं." आवाजात राग नाही, टोमणा नाही. बनवणाऱ्याची कीव आल्यासारखं बोलायचे. माझे पैसे गेलेत हे त्यांच्या गावीही नसायचं, त्यामुळे मला भांडताही यायचं नाही.

माझ्या खरेदीचा कळस म्हणजे संत्रं सोलायचं यंत्र. चहूकडे संत्र्यांच्या बागा असलेल्या पांढुर्ण्यात, मृगाचा बहार उतरायच्या दिवसांत, जिथे शेजारीपाजारी टोपल्या भरभरून संत्री घरी आणून टाकतात आणि नको नको म्हणावं लागतं, तिथे मी संत्रं सोलायचं यंत्र मागवलं. त्याला एक पातं होतं, एक दांडा होता आणि ते कसं धरावं याची चित्रं छापलेला कागद होता. मामाजींनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग टोपलीतलं एक संत्रं उचललं, देठाशी अंगठा घातला, साल एका अंगानं काढली आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या. काही बोलले नाहीत, म्हणून मी सुटले असं मला वाटलं. पण रात्री जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की पार्सल बांधावं तर संत्र्यानं. वरून जाड कागद, आत एकेक फोड वेगळी गुंडाळलेली, हलायला जागा नाही, वास बाहेरून येते, आणि उघडाले कैची लागत नाही. जिंदगीभर माल पाह्यला, असं पॅकिंग कोणत्या कंपनीनं नाही केलं. आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते यंत्र मी शेजारणीच्या मुलीला वाढदिवसाला दिलं, आणि ते तिनं माझ्याच भाचीला दिलं.

शाळेतही माझी कीर्ती काही कमी नव्हती. मी मुलांना 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवायची. प्रदर्शन जवळ आलं की वेळेवर टाकाऊ सामान मिळत नाही, ही त्या विषयातली मोठी अडचण. मुलांचे आईबाप नव्या बाटल्या विकत घेतात आणि आतलं थंड पेय घाईघाईनं संपवून त्या रिकाम्या करतात. मी एक पाऊल पुढे गेले. मी 'टाकाऊतून टिकाऊ' करायचं तयार सामान ऑनलाइन मागवलं. कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, कोरी बुचं, कोऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत. मामाजींनी ते खोकं उघडलं, पिशव्या ओळीनं ओट्यावर मांडल्या आणि बराच वेळ बघत बसले. "बाई," ते शेवटी म्हणाले, "हे अजून टाकाऊ झालं नाही." मी तोंड लपवून आत गेले.

त्यांचंही सगळंच जमायचं असं नाही, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल घरात एकटी मीच वेडी. वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्याचं भलंमोठं खोकं पाहून त्यांचे डोळे चमकले. त्यातून त्यांनी चपलांचा स्टँड केला, खणांचा, वर छोटंसं छप्परही. दिसायला देखणा. पावसाळ्यात एके दिवशी तो सगळ्या चपलांसह बसला तो उठलाच नाही, आणि खालून वाळवी निघाली. माझी एक नवी कोल्हापुरी तिनं अर्धी खाल्ली होती. मी मनातल्या मनात वाक्य तयार करून बाहेर आले, तर मामाजी त्या ओल्या लगद्याकडे बघत स्वतःच म्हणाले, "ज्यानं बनवलं त्यानं पावसात वापरून नाही पाह्यलं."

त्याच मशीनसोबत थर्माकोल आला होता. थर्माकोलवर त्यांचा दात होता. याचं काही होत नाही, म्हणायचे, हे सडत नाही, जाळलं तर गाव खोकलते, आणि वजन तर मुंगीएवढं नाही, मग याले टाकावं तरी कोठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळा सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि भर गुजरीच्या बाजारातून दुकानात परत करायला नेला. वाऱ्यानं सायकल एका बाजूला आणि मामाजी दुसऱ्या. दुकानदारानं आधी विचारलं की मशीन बिघडलं का. मशीन चांगलं आहे, हे घेऊन जा, असं मामाजी म्हणत राहिले. शेवटी त्या बिचाऱ्यानं सुटका करून घेण्यासाठी थर्माकोल ठेवून घेतला. पुढे मामाजी गुजरीत दिसले की तो दुकानदार मागच्या गोदामात जायचा, आणि माझ्या वर्गातली मुलं मला विचारायची, मॅडम, ते थर्माकोलवाले बाबा तुमच्या घरचे का.

सुतळी मात्र त्यांनी आयुष्यात तोडली नाही. किराण्याच्या पुड्याची असो, मिठाईच्या डब्याची असो, गाठ सोडायची, दोरा चिमटीत ओढून सरळ करायचा आणि कपाटामागच्या गोळ्यावर गुंडाळायचा. तो गोळा माझ्या लग्नाच्या वेळी लिंबाएवढा होता आणि पुढे नारळाएवढा झाला. त्यांच्या हातची गाठ एका बाजूनं ओढली की आवळायची आणि दुसरं टोक ओढलं की सुळकन सुटायची. बांधणाऱ्यानं सोडणाऱ्याचा विचार केला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. पार्सल ऑफिसात त्यांनी दोन्हीकडचे लोक पाहिले होते, बांधणारेही आणि घाम गाळत सोडणारेही.

अजून एक गोष्ट त्यांना सोसत नसे. आमच्या हॉलमध्ये काचेचा शोकेस आहे आणि त्यात माझ्या लग्नात आलेला डिनर सेट. पाहुणे आले तरी तो निघायचा नाही, कारण फुटला तर. मामाजी म्हणायचे, "वस्तू काचेत ठेवली का मेली." एकदा मी शाळेतून आले तर त्यातला कप काढून ते ओट्यावर चहा पीत बसलेले. मी हादरलेच. त्यांनी मला कपाचा कान दाखवला. त्यात त्यांचं बोट शिरतच नव्हतं, माझंही शिरलं नाही. इतकी वर्षं जपलेल्या सेटमधून चहा पिताच येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तरी तो मी परत काचेत ठेवला. माझी जात अशी चिवट आहे.

मामाजींचा शनिवार ठरलेला होता. ते इकडून बसनं जामसावळीला जायचे आणि सौंसरहून त्यांचे लहानपणचे दोस्त मास्तर यायचे. मारुतीचं दर्शन थोडं आणि बाहेरच्या टपरीवर बसणं फार. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालणारे. टपरीवर दोघं चहा पीत एकमेकांना तीच ती जुनी गोष्ट सांगायचे, मामाजी परत येताना खुशीत असायचे आणि येताना मोसमात बोरं आणायचे. अख्ख्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी केलेली ही एवढीच गोष्ट.

मग त्यांचा हात कापायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, पुरता नाही. टपरीवर तोवर काचेचे गिलास जाऊन कागदाचे कप आले होते. त्या कपाला वजन नाही, धरावा तर दबतो, आणि कापत्या हातात तर त्याच्यासारखा वैरी नाही. मामाजी त्याला कप म्हणायचेच नाहीत, कपाचा फोटो म्हणायचे. मास्तरांनी नंतर मला सांगितलं, एका शनिवारी तो फोटो त्यांच्या हातात दबला आणि सगळा चहा मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. मास्तर हसले, पुसलं, काही झालं नाही म्हणाले. पण टपरीवाल्यानं पुढचा कप मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाला, बाबूजींना तुम्हीच पाजा. चांगल्या मनानंच म्हणाला असेल.

त्यानंतर मामाजी जामसावळीला गेले नाहीत. कधी बसला गर्दी, कधी गुडघा, कधी ऊन. मास्तरांचा फोन आला की सांगायचे, पुढच्या शनिवारी येतो. घरातही ते चहा आमच्यासमोर घेईनात. कप खोलीत नेऊन ठेव म्हणायचे, आणि नंतर मी गेले की अर्धा चहा बशीत, थोडा चादरीवर, आणि मामाजी खिडकीकडे तोंड करून बसलेले. मला ते बघवत नसे. हा माणूस आता आपल्या हातानं चहा प्यायचं सोडून देणार, आणि ते सुटलं की बाकीचंही सोडून देणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी फोन उघडला. पहिल्यांदा झाकणाचा, चोचीचा कप आला. त्यावर अस्वलाचं चित्र होतं, ते मला मागवताना दिसलं नव्हतं. मामाजींनी अस्वलाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "शेजारच्या लेकराले दे, त्याच्या कामी येईन." मग दोन कानांचा कप आला, पिसासारखा हलका, तो दोन्ही हातांत दुप्पट हलायचा. मग न थरथरणारा म्हणून चमचा आला. चहा चमच्यानं पिणाऱ्या माणसाचं मी पुढे काय करणार होते, देव जाणे. मामाजी प्रत्येक खोकं अजून स्वतः उघडायचे. नख पट्टीवर ठरायचं नाही, फार वेळ लागायचा, पण कात्री मागायचे नाहीत. आणि वस्तू बघून आता काही म्हणतही नसत. ज्यानं बनवलं त्यानं, हे वाक्यही त्यांनी सोडलं तेव्हा मी घाबरले.

एका रविवारी मी धुणं टाकलं होतं आणि मशीनचा ड्रायर लागला होता. आमच्या मशीनचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे ड्रायर लागला की ते अंगात आल्यासारखं थरथरतं. माझा चहा मी त्याच्या झाकणावर ठेवला होता, तो नाचत नाचत कडेला आला आणि मी झेलायला गेले तर कोपर झाकणावर टेकलं. हात असा कापायला लागला, की मी जागच्या जागी थांबले. अगदी मामाजींसारखा कापत होता. आणि मला त्यांचंच वाक्य आठवलं. मीही सगळं मागवलं होतं, आणि एकदाही वापरून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर घरातलं एक भांडं मी सोडलं नाही. ड्रायर चालू करायचा, कोपर झाकणावर टेकायचं आणि चहा प्यायचा. कप, वाटी, फुलपात्र, पेला, डिनर सेटमधला तो बोट न शिरणारा कपसुद्धा. गाऊनवर चहा, फरशीवर चहा, नाकात चहा. धुणं केव्हाच वाळत घातलं होतं, आत मी एक जुनी चादर टाकून तीच पुन्हा पुन्हा फिरवत होते. आमचे हे पाणी प्यायला आले, मला तसं वाकून मशीनवर चहा पिताना पाहिलं आणि काही न विचारता परत गेले. नंतर कळलं की त्यांनी माझ्या आईला नागपूरला फोन करून विचारलं, लहानपणी हिला डोक्याला काही लागलं होतं का.

एवढ्या भिजण्यातून एक गोष्ट कळली. भांडं जितकं जड तितका हात कमी उसळतो. मग मी देवघराच्या फळीवरचा पितळी गडवा काढला. तांब्यापेक्षा लहान, पोट गोल, मान आवळलेली, मामाजींच्या आईचा. त्याच्या मानेत आमचा स्टीलचा निमुळता पेला सोडला तर तो अर्ध्यावर जाऊन बरोबर अडकला. दोन्ही तळव्यांत पोट छान बसत होतं, चटका लागत नव्हता. अजून वजन हवं म्हणून मी गडव्यात रेती भरली. माझी अक्कल पाहा, रेती सुटीच भरली. गडवा तिरका केला की रेती सरकायची आणि पेला डगमगायचा, आणि थोडी रेती मी चहातूनही प्यायले. तेव्हा पार्सलबाबूंच्या सुनेला शहाणपण आलं. आत जागा राहिली की माल हलतो. मग रेतीची फडक्यात घट्ट पुरचुंडी केली, ती तळाशी दाबून बसवली, आणि पेल्याला मधोमध सुतळीचे वेढे दिले, मानेत घट्ट बसेपर्यंत. ड्रायर लावला. चहा पेल्यात गोल गोल फिरला, बाहेर आला नाही.

गडवा मामाजींसमोर ठेवला तेव्हा मी काही बोलले नाही. एरवी मी नव्या वस्तूचं कौतुक स्वतःच करून टाकायची. त्यांनी पेला वर ओढून काढला, परत सोडला. गडव्याचं बूड पाहिलं, पुरचुंडी बोटानं दाबली. मग सुतळीवर येऊन थांबले.

"गाठ कोणती मारली?"

"साधीच."

"सोडून दाखव."

मला सुटेना. पेला धुताना वेढे भिजले होते आणि गाठ दगड झाली होती. सवयीनं मी कात्री आणायला वळले आणि दारातच थांबले. मामाजी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मला समोर बसवलं. त्यांच्या हातांना ती गाठ आता जमत नव्हती, म्हणून ते नुसतं तोंडानं सांगत गेले, हे टोक खालून घे, फेरा दे, दाबून धर, याले जराशीक सैल राहू दे. मी चुकायची, ते परत पहिल्यापासून सांगायचे. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही असे समोरासमोर पहिल्यांदाच बसलो असू. शेवटी गाठ बसली आणि टोक ओढल्यावर सुळकन सुटली. मग परत बांधली.

मी चहा ओतला. त्यांनी गडवा दोन्ही हातांनी उचलला. हात कापतच होते, पण चहा सांडला नाही. घोट घोट करून त्यांनी पेला रिकामा केला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि महिना कोणता ते मला दिसत नव्हतं, कारण मी रडत होते.

"वापरून पाह्यलं का तू?" त्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. मशीन, ड्रायर, कोपर, गाऊन, रेती, सगळं. त्यांनी बारकाईनं विचारलं की मशीन रिकामं फिरवलं का कपडे घालून. चादर होती म्हटल्यावर ते हसायला लागले. कित्येक दिवसांनी हसले, अंग हलेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मंग बरोबर हाये."

पुढच्या शनिवारी गडवा कापडी पिशवीत घालून ते जामसावळीला गेले. टपरीवर कागदाचा कप परत केला, गडवा पुढे केला आणि यात टाक म्हणाले. लोक बघायला लागले, तेव्हा त्यांनी सुनेनं हे कसं बनवलं त्याची हकीकत सांगितली. दर शनिवारी सांगितली. आपल्या हाताबद्दल एक शब्द न काढणारे मामाजी माझ्या मशीनबद्दल मात्र हातचं राखून काही बोलत नसत. लोधीखेड्यापासून मोहगावपर्यंत बातमी पोचली, की पांढुर्ण्यात एक मॅडम वॉशिंग मशीनवर बसून चहा पितात. बसून कुठून आलं, मला माहीत नाही. पालकसभेत एका आईनं मला बाजूला घेऊन मशीनची कंपनी विचारली. मला या प्रसिद्धीचा एवढासाही राग आला नाही. मामाजी बोरं आणायला लागले होते.

ते गेले तेव्हाही गडवा उशाशीच होता. शेवटचे काही दिवस अंथरुणावरच होते, भात भरवून घ्यायचे, औषध पाजून घ्यायचे, पण चहा आपल्या हातानं. एका सकाळी पेल्यात अर्धा चहा उरला आणि दुपारी ते गेले. घर एकदम ओकंबोकं झालं. त्यानंतर कुरिअरवाला आला की ओट्यावरची ती रिकामी खुर्ची बघून मला भडभडून यायचं. मागवणं आपोआप कमी झालं.

आणि एवढं सगळं होऊन मी काय केलं, तर गडवा घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवला. डिनर सेट एका बाजूला सरकवला, गडव्याला चंदनाचा छोटा हार घातला. काच पुसताना मला मामाजींचं वाक्य ऐकू यायचं, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. काचेत जपून ठेवावी अशी त्यांची दुसरी कोणती वस्तू उरली होती माझ्याकडे? कपडे वाटून टाकले होते, सायकल गेली होती. हा एक गडवा होता, आणि तो आम्ही दोघांनी बांधला होता.

मग एके दिवशी मास्तरांचा फोन आला. घरचं विचारलं, शाळेचं विचारलं, पावसापाण्याचंही विचारून झालं, तरी फोन ठेवेनात. शेवटी चाचरत म्हणाले, "बाई, तो गडवा हाये का घरी? माह्या हातालेही तसंच होऊन राहिलं. सूनबाईनं चोचीचा कप आणला."

त्यावर कोणतं चित्र आहे ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, मास्तर, मी तुम्हाला नवा करून देते. आणि खरंच गुजरीत गेले. भांड्यांच्या दुकानात आताचे गडवे पाहिले, पत्रा पातळ, मान सैल, पेला सोडला की थेट तळाशी. दुकानदारासमोर मी मोठ्यांदा बोलून गेले की ज्यानं बनवलं त्यानं वापरून पाहिलं नाही, आणि माझाच आवाज ऐकून हातातला गडवा खाली ठेवला. पितळेचा जाड गडवा नागपूरला नक्की मिळाला असता. नागपूर काही लांब नाही. मी गेले नाही, कारण अडचण गडवा मिळण्याची नव्हती, हे मलाही कळत होतं. तिकडे मास्तर चहा घेऊन खोलीत जायला लागले असतील, आणि इकडे मी चंदनाच्या हारावरची धूळ झटकत होते.

रविवारी मी हार काढला आणि गडवा बाहेर काढला. नवी पुरचुंडी केली, सुतळीचे वेढे बदलले. माळ्यावर मामाजींनी एकात एक घालून ठेवलेली खोकी होती, त्यातलं डिनर सेटचं खोकं घेतलं, कोपरे दाबून पाहिले. तळाशी कागद, बाजूंनी कागद, वर कागद. कानाजवळ नेऊन हलवलं तर आत काही बोललं नाही. मग मामाजींच्या गोळ्यातली सुतळी घेऊन बांधायला बसले. पहिल्या वेळी गाठ चुकली. मी परत पहिल्यापासून केली, हे टोक खालून, फेरा, दाबून धर, जराशीक सैल. आमचे हे शेजारी बसून बघत होते, मदतीला आले नाहीत, बरं झालं. सौंसरच्या बसच्या कंडक्टरजवळ खोकं दिलं तेव्हा मी त्याला इतक्या सूचना दिल्या, की तो म्हणाला, मॅडम, आत लेकरू आहे का.

त्या संध्याकाळी मी फोन हातात घेऊन ओट्यावर मामाजींच्या खुर्चीत बसले होते, काहीही न मागवता. दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे मास्तर होते. मागे कुठेतरी त्यांची सून कोणाला तरी चहा पुरला का विचारत होती.

"चहा झाला," मास्तर म्हणाले. "सगळ्याईच्यासमोर बसून घेतला. सुतळी गुंडाळून ठेवली."

मी बरं म्हटलं.

"आन् बाई," ते म्हणाले, "कैची नाही लागली."